मधली काळी तार

बेलवलीच्या त्या वन-रूम-किचनमध्ये खिडकीखाली एक लोखंडी मशीन होतं आणि त्याच्यावरून घरात आठवड्यातून दोनदा तरी वाजायचंच.

"आई, हे जाणार कधी?" श्रद्धा विचारायची. श्रद्धा म्हणजे सून. अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंग खात्यावर सुपरवायझर. दिवसभर तीस बायकांवर नजर ठेवायची आणि घरी आल्यावर नवऱ्याचे, सनीचे, ग्रीसने माखलेले कपडे ब्रशने घासायचे.

"कुटं जाणार? त्याला काय पाय हायेत?" जनाबाई म्हणायच्या.

"त्या जागेत वॉशिंग मशीन बसतं. बरोब्बर बसतं. टेपनं मोजलंय मी. नळ तिथंच, पॉइंट तिथंच."

"मशीनच हाय ना ह्येबी."

"हे कपडे धुतं का?"

"तुझं तार गुंडाळतं का?"

यावर श्रद्धा ब्रश आपटायची आणि विषय पुढच्या वेळेपर्यंत तहकूब व्हायचा.

तसं ते मशीन म्हणजे काही फार नव्हे. एक आडवा दांडा, त्याला हँडल, दोन दातेरी चाकं. दांड्यावर चौकोनी बॉबिन अडकवायचं आणि हँडल फिरवत त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळायची, वेढ्याला वेढा चिकटवून. तार संपली की मधे लोखंडी पट्ट्या ठोकायच्या. झाला ट्रान्सफॉर्मर. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका गल्लीत, कमलेश सेठच्या कारखान्यात, जनाबाई हे काम चौतीस वर्षं करत होत्या. गल्लीतल्या अर्ध्या अॅम्प्लिफायरांच्या पोटात त्यांच्या हातची तार होती, आणि हे फार तर चौघांना ठाऊक होतं.

जनाबाई जांभूळच्या. नवरा किसन कुळगावचा, पण नोकरीला जांभूळच्या पाण्याच्या कारखान्यात. म्हणजे लग्न झाल्यावर ही माहेर सोडून कुळगावला आली आणि तो रोज सकाळी डबा घेऊन हिच्या माहेरी जायचा. "माजं माहेर त्यानंच उपभोगला," असं त्या किसन गेल्यावरसुद्धा हसत सांगायच्या. कमलेश सेठच्या वडिलांनी त्यांना ठेवलं होतं खोक्यांवर लेबलं चिकटवायला. तार गुंडाळणारा वाइंडिंगवाला एक दिवस न सांगता गेला. माल अडला. जनाबाईंनी लेबलं बाजूला ठेवली, हँडल धरलं, आणि मग ते सोडलंच नाही.

मशीनला वेढे मोजायचा काटा होता. तो पहिल्या दोन वर्षांतच मोडला. म्हाताऱ्या सेठनी "कल ठीक करवाता हूँ" म्हटलं, आणि तो उद्या काही उजाडला नाही. तेव्हा जनाबाईंनी घरून चिंचोके आणले. वीस वेढे झाले की एक चिंचोका डाव्या वाटीतून उजव्या वाटीत. वीस आकडे तोंडातल्या तोंडात, पुढचं चिंचोक्यांनी सांभाळायचं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला मेनच्या, म्हणजे वीज आत येते त्या बाजूचे चारशे ऐंशी वेढे, म्हणजे चोवीस चिंचोके. कोणी मधेच चहाला हाक मारली, कोणी गेलं, कोणी आलं, वाट्या खोटं बोलत नसत.

दुसरी खोड जोडीची. अॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरला बाहेर पडताना दोन सारखे भाग लागतात. कारण असं, की आवाज स्पीकरचा कागद पुढेही ढकलतो आणि मागेही ओढतो. पुढे ढकलायला प्लसची वीज, मागे ओढायला मायनसची, आणि दोन्हींच्या मधे शून्य. म्हणून ट्रान्सफॉर्मरमधून तीन तारा निघतात, दोन टोकांच्या पिवळ्या आणि मधली काळी. दोन भागांत एका वेढ्याचाही फरक नको. बाकीचे कारागीर आधी एक भाग गुंडाळत, मग त्याच्यावर दुसरा. जनाबाई दोन तारा एकदम धरायच्या, शेजारीशेजारी, आणि दोन्ही एकाच हँडलने गुंडाळायच्या. "जुळी पोरं येका टायमाला न्हाणायची," त्या म्हणायच्या, "म्हंजी कोन जास्त भिजला ही भानगड नाय."

पण त्यांचं काम त्या तीन तारांपाशी संपायचं. पुढचा मामला मुकेशचा. मुकेश कल्याणचा, कारखान्यातला वायरमन. त्या तीन तारांना तो चार पायांचा ब्रिज लावी, वीज साठवणारे डब्यांएवढे दोन कंडेन्सर लावी, आणि त्यातून प्लस-मायनसची तयार वीज काढी. त्याला सगळे सप्लाय म्हणत. सप्लायवर स्टिकर लागायचं, स्टिकरवर सेठचं नाव, आणि सेठ गिऱ्हाइकाला सांगायचा, "मुकेश का हाथ है." मुकेश माणूस वाईट नव्हता, नुसता फुशारकीखोर.

"मावशी, तुमचं काय, तीन तारा बाहेर काढल्या की सुट्टी. खरं डोकं इथनं पुढं लागतं."

"लाव बाबा. तुज्याकडं हाय तर लाव."

मुकेशच्या टेबलाच्या बरोब्बर वर छताला एक तपकिरी डाग होता, ताटलीएवढा. हा कसला, असं जनाबाईंनी एकदा विचारलं तर म्हणाला, ट्यूबलाइटचा धूर. ट्यूबलाइट तिथून चार हात दूर होती. पण जनाबाईंनी ते सोडून दिलं.

मग दिवस फिरले. पावाच्या लादीएवढ्या हलक्या, तयार सप्लायच्या पेट्या बाजारात आल्या. त्यांच्यात ना जाड तार, ना लोखंड. मुकेश एसी दुरुस्तीत गेला. कमलेश सेठनी एका शनिवारी जनाबाईंना खुर्चीवर बसवलं, थंडा मागवला, आणि बाटली स्वतःच्या हातानं उघडून दिली.

"मासी, अब आराम करो. मेरे को भी अच्छा नहीं लग रहा."

"आराम करून काय करू?"

"जो चाहिए ले जाओ यहाँ से. साईं की कसम, जो चाहिए."

जनाबाईंनी मशीन मागितलं. सेठला वाटलं होतं पंखा मागतील.

असं ते मशीन बेलवलीला आलं, तिसऱ्या माळ्यावर, दोन हमालांच्या शिव्या खात. पाच महिने नुसतं बसून होतं. जनाबाई त्याला तेल घालायच्या, पुसायच्या, आणि काम मात्र काही येत नव्हतं. एवढ्यात रघु आला.

रघु जांभूळचा. बेंजो वाजवायचा. हळदीला आमच्याकडे बेंजो लागतोच, नवरदेव नसला तरी चालेल एक वेळ. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते तारवाद्य मांडीवर घेऊन रघु टेम्पोच्या मागे बसला की जांभूळपासून कुळगावपर्यंतची म्हातारी माणसंसुद्धा पाय हलवत. गावच्या लेकीला तो आत्या म्हणायचा.

"आत्या, माझी वाट लागलीय," दारातच म्हणाला. "अॅम्प्लिफायरचा सप्लाय जळला. नवीन तयार आणला, दोन हळदींत बसला. लाइट गेली, जनरेटर लागला, का ह्याला धाप लागते. बेंजोचा ठोका जोरात मारला का आवाज असा बसतो, जसा कोणी घसा धरला."

"मंग?"

"मंग मना जुना माल पायजे. जड. तुमच्या हातचा. येत्या मंगळवारी जांभूळला पाटलाच्या पोरीची हळद. सीझनची पहिली मोठी. तिकरं वाजला नाय तर पुढच्या साऱ्या सुपाऱ्या त्या डीजेवाल्याच्या घशात."

"ट्रान्सफॉर्मर देते गुंडाळून."

"ट्रान्सफॉर्मर घेऊन मी काय डोक्यावर मारू? पुढचा वायरिंग कोन करनार? पुरा सप्लाय पायजे, आत्या. लावला का वाजला असा."

जनाबाईंनी एकदा मशीनकडे बघितलं. स्वयंपाकघरात श्रद्धाचं भांडी घासणं थांबलं होतं. ती ऐकत होती.

"करते," जनाबाई म्हणाल्या. "पुरा करते."

रघु गेल्यावर श्रद्धा हात पुसत बाहेर आली. "आई, तुम्ही वायरिंग कधी केलंय?"

"वीस वरसं बघितलाय."

"बघितलाय." श्रद्धा खाली बसली. "माझं ऐका. मी काही राक्षस नाही. हा डबा त्या हळदीत शेवटपर्यंत चालला, तर मशीन राहील. परत तोंड उघडणार नाही मी. नाही चालला, तर हळदीनंतरच्या रविवारी भंगारवाला."

"कबूल."

"सनीला मधे घालायचं नाही."

"त्याला कोन घालतो? तो कवाच कुनाच्या मधी आला नाय."

दोघी हसल्या. पण कबूल ते कबूल.

ट्रान्सफॉर्मर दोन दिवसांत झाला. चोवीस चिंचोके पुरले नाहीत, तेवीसच होते. एक सामानाच्या हलवाहलवीत हरवला असणार, नाहीतर श्रद्धानं केराबरोबर काढला असणार. घरात चिंचेचा कोळ काढला की ती चिंचोके सरळ केरात टाकायची. जनाबाईंनी तिच्या जुन्या ड्रेसचं बटण चोविसावं धरलं. बाहेरची बाजू जोडीनं साठ वेढे, तीन चिंचोके. वार्निश, पट्ट्या, बोल्ट. तीन तारा बाहेर आल्या, दोन पिवळ्या आणि मधली काळी.

ब्रिज आणि कंडेन्सर त्यांनी उल्हासनगरला जाऊन कमलेश सेठकडूनच आणले. सेठनी "किसके लिए?" विचारलं, जनाबाई म्हणाल्या, "घरके लिए," आणि सेठनी पुढं काही विचारलं नाही.

आता वायरिंग. वीस वर्षं बघितलं होतं हे खरं, पण बघितलं होतं ते मुकेशच्या पाठीआडून. मुकेश काम करताना टेबलावर असा वाकायचा की कोणाला काही दिसू नये. जनाबाईंना त्याच्या कोपरांचं हलणं पाठ होतं, तारांचं नव्हे. तरी त्यांनी आठवून आठवून जुळवलं. पिवळ्या दोन ब्रिजच्या दोन पायांना. ब्रिजच्या उरलेल्या दोन पायांतून एक प्लस निघाला, एक मायनस. आता दोन कंडेन्सर. त्यांना दोन दोन तारा आणि एका बाजूला पांढरा पट्टा. श्रद्धानं चष्मा लावून वाचून सांगितलं, पट्ट्याकडची तार मायनस.

"दोघांची?"

"दोघांची."

जनाबाईंनी मान हलवली. उल्हासनगरच्या बाजारात शेंबडं पोर सांगेल, लाल म्हणजे प्लस आणि काळी म्हणजे मायनस. बॅटरी घ्या, रेडिओ घ्या, रिक्षाचा हॉर्न घ्या, काळी तार मायनसच. आणि इथं मधली तार काळी. चौतीस वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्यावर काळी नळी चढवली होती. तेव्हा दोन्ही कंडेन्सरच्या पट्ट्याकडच्या तारा त्यांनी मधल्या काळीला जोडल्या, उरलेल्या दोन ब्रिजच्या प्लस-मायनसला. डाख दिला, स्क्रू आवळले. बघायला देखणं झालं.

रविवारी सकाळी दहाला चाचणी. सनी पहिल्या पाळीला गेलेला. श्रद्धा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. जनाबाईंनी कारखान्याची पद्धत सोडली नाही. नवा माल थेट बोर्डात घालायचा नाही. मधे शंभरचा दिवा जोडायचा, म्हणजे वीज आधी दिव्यातून जाते आणि मग डब्यात. डबा ठीक असला तर दिवा एकदा झपकन पेटतो आणि विझतो. घोटाळा असला तर दिवा पेटलेला राहतो, आणि डबा जळायच्या आत कळतं. मुकेश त्या दिव्याला नमस्कार करून बटण दाबायचा.

जनाबाईंनीही नमस्कार केला. बटण दाबलं.

दिवा झपकन पेटला.

विझला नाही.

थोडा मंदावला, पण पिवळा, आजारी, तसाच राहिला. एक कंडेन्सर बारीक सू-सू करायला लागला, चहाचं आधण येताना करतं तसा. जनाबाईंनी खसकन पिन ओढली. दिवा गेला. कंडेन्सरच्या डोक्यावर टेंगूळ आलं होतं. बारीकसं, पण आलेलं.

"काय झालं?" गॅलरीतून श्रद्धा.

"काय नाय."

"जळका वास येतोय."

"मोजायला चुकले असंन मी," जनाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज श्रद्धानं त्या घरात आल्यापासून कधी ऐकला नव्हता असा निघाला. "ते बटन. बटनामुळं. येक चिंचोका कमी पडला ना, तिथंच कायतरी झाला. म्हातारपन आला, श्रद्धे."

त्यांनी पाना घेतला आणि ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट सोडायला लागल्या. सगळे वेढे उलटे सोडून पुन्हा मोजायचे होते त्यांना. पहिला बोल्ट निघाला. दुसऱ्याला हात घातला तेव्हा श्रद्धा ओल्या हातांनी आत आली.

"थांबा हो! मुकेशभाऊंना फोन लावू का?"

"नाय."

"अहो, दोन मिनिटांचं काम..."

"नाय म्हनले ना. तो म्हनंल, मावशी, तीन तारांच्या पुढं गेलात का."

श्रद्धानं पाना हातातून काढून घेतला. "मग आधी मोजून बघा तरी. सनीचा मीटर आहे की वर डब्यात. वेढे चुकले असतील तर मीटर बोलेल ना? उगीच उलटं सोडताय सगळं."

हे जनाबाईंना पटलं, पण पटलं असं त्या बोलल्या नाहीत. कंडेन्सर सोडवून बाजूला ठेवले. नुसता ट्रान्सफॉर्मर लावला, पुन्हा त्या दिव्यातूनच. दिवा झपकला आणि गुपचूप विझला. श्रद्धानं मीटर धरला. एक पिवळी आणि मधली काळी, अठ्ठावीस पूर्णांक सहा. दुसरी पिवळी आणि मधली काळी.

"अठ्ठावीस पूर्णांक सहा," श्रद्धा म्हणाली. तिनं पुन्हा लावून बघितलं. "तंतोतंत आहे हो आई. दशांशालासुद्धा."

जनाबाईंनी काढलेला बोल्ट उचलून परत बसवला. हात चुकला नव्हता. बटणानंही चोविसाव्या चिंचोक्याचं काम इमानानं केलं होतं. म्हणजे घोटाळा तीन तारांच्या पुढं होता, जिथं त्या आयुष्यात पहिल्यांदा गेल्या होत्या.

"बसा जरा," श्रद्धा म्हणाली. "मी उरलेले कपडे घालते, मग चहा टाकते."

जनाबाई गॅलरीच्या उंबऱ्यावर बसल्या. समोर श्रद्धा दोरीवर कपडे घालत होती. त्या घरात चिमटे कधी पुरत नसत, म्हणून श्रद्धाची एक रीत होती. सनीच्या शर्टाचं शेवटचं टोक आणि टॉवेलचं पहिलं टोक एकाच चिमट्यात. टॉवेलचं शेवटचं आणि जनाबाईंच्या परकराचं पहिलं पुढच्या चिमट्यात. एका चिमट्यात दोन, एकाचं संपतं तिथं दुसऱ्याचं सुरू.

जनाबाई त्या चिमट्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या हातांकडे.

"श्रद्धे."

"काय?"

"मी मधली तार कशी काढते, तुना ठाव हाय?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"दोन तारा जोडीनं गुंडाळते. येकीचा शेवट घेते आन् दुसरीची सुरुवात घेते. त्यांची गाठ मारते. ती मधली. येकीचं शेपूट आन् दुसरीचं डोकं. दोन शेपटं कवाच नाय बांधायची. बांधली तर येकमेकीला मारतात, बाहेर कायच निघत नाय. ह्ये म्हाताऱ्या सेठनी मना पहिल्या दिवशी शिकवला." त्या उठून उभ्या राहिल्या. "आन् मी कंडेन्सरची दोन शेपटं बांधली. तुज्या त्या पट्ट्याची दोन्ही. काळी दिसली म्हनून."

श्रद्धा परकर हातात घेऊन उभी. "म्हणजे?"

"म्हंजी मधली मायनस नाय, बाय. मधली कोनाचीच नाय. वरच्याला ती खाली हाय आन् खालच्याला ती वर हाय. तुजा चिमटा हाय ती." त्यांनी दोन बोटं वर केली आणि एक उलटं केलं. "येकाचा पट्टा मधी. दुसऱ्याचा पट्टा बाहेर, मायनसच्या पायाला, आन् त्याचा प्लस मधी."

श्रद्धाला निम्मं समजलं. पण सासूच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं होतं, तेवढं तिला पुष्कळ होतं.

टेंगूळ आलेला कंडेन्सर परत वापरायचा नाही, एवढं जनाबाईंना कळत होतं. सोमवारी त्या पुन्हा उल्हासनगरला गेल्या.

कमलेश सेठनी टेंगूळ बघितलं आणि डोळे बारीक केले. "मासी, यह घर के लिए है?"

"सप्लाय बनाया. मैंनेच. उल्टा लग गया था."

"फटा?"

"फटनेके पहलेच खिंच ली पिन. दिव्याने बताया."

सेठ आधी गालात हसला, मग उघड, मग टेबलावर हात आपटून. "अरे मासी! वह छत पे दाग याद है? मुकेश का? पहले हफ्ते में, आप छुट्टी पे थीं तब, तीन कंडेन्सर फोड़े थे उसने. तीन! बिना बल्ब के. पापा ने पूरी गली के सामने सुनाया था. तब से बल्ब को नमस्ते करता था."

"मेरेको बोला ट्यूबलाइटका धूर."

"और क्या बोलेगा!"

जनाबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. वीस वर्षं त्या त्या डागाखालून चहाला जात होत्या.

संध्याकाळी पुन्हा दिवा लावला. या वेळी श्रद्धाही शेजारी येऊन बसली, आणि नमस्कार दोघींनी केला. दिवा झपकन पेटला आणि विझला, असा विझला की श्रद्धाला वाटलं उडाला. मीटर लावला. मधल्यापासून प्लस एकोणचाळीस. मधल्यापासून मायनस एकोणचाळीस.

मंगळवारी दुपारी चारला जांभूळमध्ये हळद लागली. श्रद्धानं अर्धी सुट्टी टाकली होती. "नाचायला," ती म्हणाली. पाटलाच्या दारात मांडव, मांडवाबाहेर टेम्पो, टेम्पोत रघु बेंजो मांडीवर घेऊन, आणि त्याच्या पायाशी पत्र्याचा डबा. डब्याला स्टिकर नव्हतं. जनाबाई टेम्पोच्या मागच्या चाकापाशी खुर्ची टाकून बसल्या. कोणी हळद लावायला बोलावलं तर म्हणायच्या, "इकरंच लाव गालाला. मी उठनार नाय."

रघुनं पहिला ठोका मारला आणि गल्लीतल्या कोंबड्या उडाल्या. आवाज बसला नाही. बायका मांडवातून बाहेर आल्या, पुरुष आले, नवरीचा आजा काठी टाकून नाचला. पण जनाबाई गाणं ऐकत नव्हत्या. त्या गाणं संपायची वाट बघत होत्या. कारखान्यात त्यांना एक गोष्ट कळली होती. अॅम्प्लिफायर वाजताना कळत नाही, गप्प असताना कळतो. सप्लाय कच्चा असला तर दोन गाण्यांच्या मधे स्पीकर घर्र करत राहतो, छातीत कफ असलेल्या माणसासारखा.

पहिलं गाणं संपलं. जनाबाई उठल्या, हळदीनं पिवळा झालेला गाल तसाच स्पीकरच्या जाळीला लावला. रघु वरून बघत होता.

"काय, आत्या?"

"कायच नाय," त्या म्हणाल्या. "येकदम कायच नाय."

पाच वाजता लाइट गेली, जायचीच होती. मांडवातले पंखे थांबले, झगमगणारी तोरणं मेली, आणि बेंजो मात्र एक अख्खा ठोका वाजून मग थांबला. तो ठोका दोन भरल्या कंडेन्सरच्या जिवावर निघाला होता. माणसं हसली, कोणी शिट्टी मारली. जनरेटर फटफट करत लागला, दिवे मोठे झाले, बारीक झाले, पुन्हा मोठे झाले. जनाबाईंचा हात डब्यावर होता. डबा कोमट. रघुनं डोळे मिटून जोरात ठोका मारला, नेमका तोच ठोका जिथं आधीच्या दोन्ही हळदींत घसा धरला गेला होता.

वाजला. तसाच, भरून.

"आत्याऽऽ!" रघु टेम्पोतून ओरडला आणि पुढं पाऊण तास थांबलाच नाही.

शेवटच्या गाण्याच्या आधी मुकेश आला. पाटलाचा एसी त्यानं बसवला होता, त्या आमंत्रणावर. डबा बघितला, वाकला, जाळीतून आत डोकावला. पाठ तशीच, सगळ्यांना आड करणारी.

"ट्रान्सफॉर्मर मावशींचा, तो ओळखला मी. जोडीचा आहे. पण वायरिंग कोणी केलं?"

"मी," जनाबाई म्हणाल्या.

मुकेशनं मागं वळून बघितलं. "पहिल्या झटक्यात जमलं?"

"नाय जमला. उलटा लावला व्हता येक." मग त्यांनी पदरानं गालाची हळद पुसली. "पन माज्या छताला डाग नाय, मुकेश."

मुकेश जाळीपासून झटकन सरळ झाला. मग तो इतका लाजला, की पंचेचाळीस वर्षांचा बाप्या शाळकरी दिसायला लागला. "कमलेश सेठ ना? सेठनीच सांगितलं ना? थांबा, त्याला बघतोच." आणि मग खाली बसून, हळू आवाजात, "मावशी, चांगलं केलंय. खरंच. मधला जोड सगळा एका जागी आणलाय, म्हणून घर्र येत नाही. हे मला कळायला चार वर्षं लागली होती."

"मना येक गॅलरी लागली," जनाबाई म्हणाल्या. मुकेशला ते समजलं नाही आणि त्यांनी समजावलंही नाही. गर्दीत श्रद्धा केस सुटेपर्यंत नाचत होती.

त्या आठवड्यात रघुच्या ओळखीचे दोन बेंजोवाले बेलवलीला येऊन गेले, एक अंबरनाथचा आणि एक वांगणीचा. रविवारी श्रद्धानं पुन्हा टेप काढला. जनाबाई बघत होत्या. श्रद्धानं खिडकीखालची जागा मोजली नाही. तिनं बाथरूमच्या दाराबाहेरची मोजली.

"इथं ठेवलं तर दार पुरं उघडणार नाही," ती स्वतःशीच बोलली. "आडवं होऊन जावं लागेल."

"सनी जाड झालाय," जनाबाई म्हणाल्या.

"होऊ दे बारीक."

दुपारी जनाबाईंनी नवं बॉबिन चढवलं. या खेपेला मधल्या तारेसाठी काळी नळी घेतली नाही. जुन्या सामानात पांढरी सापडली, ती कापून ठेवली. काळी बघितली की माणूस तिला मायनस समजतो, आणि पुढच्या कोणाला तरी उगाच टेंगूळ यायचं.

वाट्या मांडल्या. डावीकडच्या वाटीत हात घातला आणि थांबल्या. बटण नव्हतं. त्याच्या जागी चिंचोके होते. तेवीस जुने, काळेभोर, गुळगुळीत झालेले. आणि वर सात-आठ नवे, तांबूस, अजून ओलसर. स्वयंपाकघरात श्रद्धा आमटीला फोडणी देत होती आणि ओट्यावर चिंचेचा चोथा पडला होता.

जनाबाईंनी जास्तीचे काढून पदराच्या टोकाला बांधले, चोवीस ठेवले, आणि हँडल धरलं.